चार खुंटांएवढा जीव

माझ्याकडे दोनशे पानांची एक नोंदवही आहे. अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांतल्या तळ्यांत, धरणांत आणि नद्यांच्या डोहांत लोकांनी पाहिलेल्या, पण कुठल्याही पुस्तकात न बसणाऱ्या प्राण्यांच्या चौसष्ट नोंदी तिच्यात आहेत. पहिल्या त्रेसष्ट करायला मला चौदा वर्षं लागली. चौसष्टावी या उन्हाळ्यात झाली, आणि तिच्यामुळे एकोणिसावी मला दुरुस्त करावी लागली. हे लिहितो आहे ते त्या दुरुस्तीबद्दल.

मी अकोल्याला पावसाच्या नोंदी ठेवणाऱ्या एका कार्यालयात काम करतो. कुठल्या गावी किती पाऊस पडला, मागच्या वर्षी याच तारखेला किती होता, हे दिवसभर पाहायचं. या कामात माणसाला एक सवय लागते. कुणी म्हणालं, खूप पाऊस झाला, तर तोंडातून आपोआप निघतं, किती? बाळापूरहून येणाऱ्या एका सहकाऱ्याने एकदा मला सांगितलं की त्यांच्याकडच्या नदीच्या डोहात म्हशीएवढं काहीतरी आहे. मी विचारलं, म्हशीएवढं म्हणजे किती? लहान की मोठी म्हैस? तो हसला. पण पुढच्या आठवड्यात त्याच डोहाकडचा दुसरा माणूस भेटला आणि त्याने त्याच प्राण्याची लांबी दुप्पट सांगितली. त्या दोन आकड्यांमधला फरक मला बेचैन करून गेला. वही अशी सुरू झाली.

वहीत नऊ रकाने आहेत. कोणी पाहिलं (नाव लिहीत नाही, वय आणि धंदा लिहितो), कुठे, किती अंतरावरून, उजेड कसा होता, किती वेळ पाहिलं, लांबी कशावरून ठरवली, त्याच दिवशी कुणाला सांगितलं का, पाहणाऱ्याचा त्या वेळी कुणाशी वाद किंवा कसला स्वार्थ होता का, आणि शेवटचा रकाना शेऱ्याचा. शेरे तीनच. ग्राह्य, अग्राह्य, अनिर्णित.

जगभर अशा तळ्यांच्या गोष्टी आहेत. स्कॉटलंडमधल्या लॉक नेस तळ्यातल्या लांब मानेच्या प्राण्याबद्दल मी मिळेल ते वाचलं आहे. तिथल्या शोधाची अडचण आणि आमच्या डोहाची अडचण एकच आहे. पाण्यावर मोजायला काही नसतं. रस्त्यावर कुत्रा दिसला तर शेजारी सायकल असते, खांब असतो, माणूस असतो. पाण्यावर नुसतं पाणी. मग हातभर लाकूड दहा हात होतं, आणि एका ओळीत पोहणारी चार पाणमांजरं मिळून एक साप होतात. माझ्या त्रेसष्टांपैकी बावीस नोंदी पाणमांजरांच्या निघाल्या, नऊ सुसरींच्या, सहा वाहत आलेल्या ओंडक्यांच्या. म्हणून मी नियम केला होता: पाहणाऱ्याने जिच्याशी तुलना केली ती वस्तू मी स्वतः जाऊन मोजायची. वस्तू नसेल तर शेरा अनिर्णित.

माझी बायको याला रविवारचं खूळ म्हणते. लोक देवाले जातात, तुमी डोहाले जाता, असं ती पाहुण्यांसमोर सांगते. पण मी हे खूळ म्हणून करत नव्हतो. रानपिंगळा नावाचं छोटं घुबड शंभराहून अधिक वर्षं कुठल्याही अभ्यासकाला दिसलं नव्हतं. ते संपलं असं पुस्तकांनी धरून चाललं होतं. ते सापडलं, आणि पुढे आमच्या मेळघाटातही सापडलं. जंगलातल्या माणसांना ते तोवर दिसतच असणार. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, किंवा विचारून त्यांचं लिहून घेतलं नव्हतं. हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं. पुढे मी जे केलं ते या वाक्याखालीच केलं.

एकोणिसावी नोंद माझ्या सासऱ्यांची आहे.

त्यांचं गाव चांदूर बाजारहून अचलपूरकडे जाताना आडबाजूला लागतं. गावाला जुनं मातीच्या बांधाचं तळं आहे. हिवाळ्यापासून तळं उतरायला लागलं की मोकळ्या होणाऱ्या गाळात टरबूज, डांगर, काकडी लावतात. त्याला गाळपेर म्हणतात. सासऱ्यांचं घराणं भाजीपाल्याचं, आणि गाळपेर त्यांच्याकडे पिढ्यांपासून होती. आता गावात ती दोनच घरं करतात, बाकी सगळे ठिबकवर गेले.

सात वर्षांपूर्वी संक्रांतीला आम्ही गेलो होतो. जेवणं झाल्यावर सासरे ओसरीत माझ्याजवळ येऊन बसले. माझ्या वहीचं त्यांना मुलीकडून कळलं होतं.

"जवाईबापू, माहं लिवता का?" ते म्हणाले.

मला त्यांची हकिकत अर्धवट माहीत होती. लग्न होऊन आलेल्या जावयाला सासरच्या गावात अशा गोष्टी अर्धवटच कळतात. सासऱ्यांचा धाकटा भाऊ तरुणपणी तळ्यात बुडाला, एवढं माहीत होतं. त्याची विधवा, म्हणजे माझ्या बायकोची काकू, भिंतीला भिंत लागून असलेल्या घरात राहते आणि या घरात येत नाही, हेही माहीत होतं. आमच्या लग्नातही ती मांडवाबाहेरून अक्षता टाकून गेली होती.

सासऱ्यांनी सांगितलं ते असं. पंचेचाळीसेक वर्षांपूर्वीचा वैशाख. तळं जवळजवळ तळाला गेलेलं. दोघा भावांची गाळपेर एकत्र होती. दर बाजाराच्या दिवशी पाणी जिथवर उतरलं असेल तिथे काठावर एक खुंट ठोकायचा, अशी रीत. एका खुंटापासून पुढच्या खुंटापर्यंतचा पट्टा एका भावाचा, त्यापुढचा दुसऱ्याचा, असं पाळीपाळीने. तसे खुंट वरपासून खालपर्यंत एका रांगेत उभे होते. मग अवकाळी पाऊस आला, गारांचा. तळं पुन्हा चढलं आणि खालचे चार खुंट पाण्यात गेले, नुसती टोकं वर. खुंट वाहून गेले तर वाटणीची खूण जाईल म्हणून धाकटा शेवटचा खुंट पक्का करायला पाण्यात उतरला. त्याच्या मागे बांधासाठी माती काढलेला जुना खोल खड्डा होता. थोरला, म्हणजे सासरे, काठावर उभे होते. पाणी गढूळ, ऊन चढलेलं.

तेव्हा त्या दोघांच्या मध्ये, खुंटांच्या रांगेला लागून, पाण्यात एक जीव वर आला. काळपट पाठ, खवले नाहीत, रुंद डोकं, तोंडाशी दोन मिशा. तो हालत नव्हता. शेपटी वरच्या खुंटाशी आणि डोकं शेवटच्या खुंटाशी, भावाच्या मांडीजवळ.

"चारही खुंटं झाकले होते त्यानं," सासरे म्हणाले. "मी पायलं अन् दोन पावलं मागं सरलो. त्यानं शेपटी मारली, पानी उडालं, अन् भाऊ मागच्या खड्ड्यात गेला. त्याले पोहता येत नोतं. मले येत होतं."

मी लिहीत होतो.

"गावानं म्हटलं, वाटनीसाठी भाऊ बुडू देला. त्या दिवशी आमचं भांडन झालं होतं, ते खरं हाय. पन जीव होता म्हनून मी मागं सरलो. जीव नसन, तं मी काहून सरलो? हे कोनाच्या तरी वहीत पाह्यजे."

त्यांना काय हवं होतं ते मला त्या वेळी नीट कळलं होतं, असं मी आज म्हणू शकतो. जीव खरा ठरला तर ते भ्यालेला माणूस होते. खोटा ठरला तर काठावर उभा राहून भावाला बुडताना पाहणारा माणूस. पंचनाम्यात अपघात लिहिलं होतं, पण पंचनामा गावात कुणी वाचत नाही.

मी नववा रकाना मोकळा ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टेप घेऊन तळ्यावर गेलो. गाळपेर करणाऱ्या घरांचे खुंट तेव्हा वरच्या अंगाला आठ ठोकून झाले होते. मी त्यांच्यातली सात अंतरं मोजली. सतरा फूट, सोळा, अठरा, पंधरा, सतरा, सोळा, सोळा. बेरीज एकशे पंधरा. सरासरी सोळा फूट पाच इंच. चार खुंटांमध्ये अंतरं तीन. मी चारने गुणण्याची चूक केली नाही, याचं मला तेव्हा समाधान वाटलं होतं, हेही कबूल करतो. उत्तर आलं एकोणपन्नास फूट तीन इंच.

एकोणपन्नास फुटांचा प्राणी गोड्या पाण्यात नसतो. आमच्या गावतळ्यात तर नाहीच, त्याला खायला तेवढे मासेच नसतील. आठव्या रकान्यात मी लिहिलं होतं: त्या दिवशी भावाशी वाटणीवरून वाद. हा रकाना साक्षीवर संशय का घ्यावा हे सांगण्यासाठी केलेला, आणि इथे तो भरलेला होता. नवव्यात मी लिहिलं, अग्राह्य.

मी हे त्यांच्यापासून लपवू शकलो असतो. ते योग्य वाटलं नाही. चहाच्या वेळी मी त्यांना आकडा सांगितला.

"किती म्हनता?" त्यांनी विचारलं.

मी पुन्हा सांगितला.

"एकोनपन्नास फुटाचा तं मीबी पायला नाई," ते म्हणाले.

मी अकोल्याला परतल्यावर नोंदीखाली एक ओळ वाढवली: साक्षीदाराने स्वतःच लांबी नाकारली. ती ओळ अजून वहीत आहे, आणि माझ्या अक्षरात आहे.

त्यानंतर सासऱ्यांनी हा विषय माझ्याजवळ कधी काढला नाही. बायकोने एकदाच काढला. ती म्हणाली, बाबांनी आयुष्यात कुणापुढे हात पसरला तो तुमच्या वहीपुढे. मी म्हणालो, सासरे म्हणून एक माप आणि इतरांसाठी दुसरं, असं केलं तर वही ठेवण्यात अर्थ नाही. ती म्हणाली, मग ठेवा. आणि स्वयंपाकघरात गेली. यात मी कुठे चुकतो आहे असं मला सात वर्षांत एकदाही वाटलं नाही.

या एप्रिलमध्ये सासऱ्यांचं हृदय फारच अशक्त झालं. अमरावतीला नेलं, आठ दिवस ठेवलं, आणि डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. घरी नेताना त्यांनी लेकीला एवढंच विचारलं की माझी धाकटी भावजय घरी असते का. त्यांच्याकडे धाकट्या भावाची बायको भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, समोरासमोर बोलत नाही. डोक्यावर पदर आणि तोंड आड. बोलायचंच झालं तर तिसऱ्यामार्फत. सासरे लेकीला म्हणाले, "ती माह्याशी बोलत नाई, ते रीतीनं का रागानं, हे मले कधी समजलंच नाई."

मे महिन्यात मी चार दिवस रजा टाकली. मार्चअखेरीची कामं, मग मुलांच्या परीक्षा, मग वऱ्हाडातलं ऊन, यामुळे उन्हाळ्यात मी त्या गावी कधी गेलोच नव्हतो. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, ही माझी पहिली मे महिन्यातली खेप. परतवाड्याच्या एसटीत बायको खिडकीशी बसली होती. ती म्हणाली, काकूला तुम्ही कधी विचारलं का? मी म्हणालो, काकू त्या दिवशी तळ्यावर नव्हत्या, त्यांनी काहीच पाहिलेलं नाही. माझ्या वहीत पाहणाऱ्याचंच घेतात.

"तुमच्या वहीचं मी नाही विचारून राहिली," ती म्हणाली.

म्हणून मी गेलो. काकू सत्तरीच्या आहेत. घरामागे दहा गुंठ्यांत फुलं लावतात आणि पहाटेच्या गाडीने परतवाड्याला पाठवतात. मी गेलो तेव्हा त्या उंबऱ्याच्या आत बसून मोगऱ्याच्या कळ्या ओल्या फडक्यावर निवडत होत्या. मी पाटावर बसलो. सासऱ्यांच्या तब्येतीचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मला पुढे काय विचारावं सुचेना, म्हणून मी सवयीने आठवा रकाना विचारला. त्या दिवशी दोघा भावांचा वाद नेमका कशावरून झाला होता?

"पट्ट्यावरून," काकू म्हणाल्या. कळ्या निवडणं थांबलं नाही. "आनखी कशावरून? एक पट्टा तुमच्या सासऱ्यायचा, एक आमचा, अशी बारी राहे. वरचे पट्टे गाडी फिरन एवढे. खाली खड्ड्याच्या तोंडाशी गेलं का तळं एकदम उतरते, मंग पानी आठ दिवसांत सरकून सरकून किती सरकन? तिथं पट्टा म्हनजे निसती चिंधी. त्या खेपी आमच्या बारीले खालचा आला. काकडीची एक ओळ नाई मावे त्यात. आमचे हे म्हनत, मी यात काय लावू, माहं डोस्कं? अन् तुमचे सासरे म्हनत, बारी ते बारी. एवढंच भांडन होतं, जवाईबापू. चिंधीभर जाग्याचं."

माझ्या हातातला पाण्याचा पेला मी खाली ठेवला. मग मी विचारलं, चिंधी म्हणजे किती?

त्यांनी डोकं वर केलं आणि हाताने दाखवलं. या उंबऱ्यापासून त्या टोपल्यापर्यंत.

टेप माझ्या पिशवीत असतोच. मी परवानगी घेऊन मोजलं. तीन फूट दोन इंच.

दुपारी चारला बायकोला घेऊन मी तळ्यावर गेलो. त्या दोन घरांचे खुंट आता खालपर्यंत आले होते. बांधावरून पाहिल्यावर मोजायचीही गरज नव्हती. वर ऐसपैस अंतरावर सुरू झालेली रांग खड्ड्याच्या तोंडाशी दाटत दाटत गेली होती, शेवटी तर कुंपणासारखी. उतार सपाट असेल तिथे पाणी हातभर खाली गेलं की काठ दूर सरकतो. उतार तीव्र असेल तिथे तेवढंच पाणी खाली जाऊनही काठ जागचा हलत नाही. शाळेतल्या मुलाला कळणारी गोष्ट. गाळपेर करणाऱ्यांना ती इतकी रोजची की कुणी ती बोलून दाखवत नाही, आणि मी दरवेळी जानेवारीत येऊन फक्त वरचा सपाट भाग पाहून गेलेलो.

बायकोने टेपचं टोक धरलं. शेवटची तीन अंतरं तीन फूट, पावणेतीन, अडीच. बेरीज सव्वाआठ फूट. काकूंच्या उंबऱ्याच्या मापाने साडेनऊ. पंचेचाळीस वर्षांत खड्ड्यात गाळ भरला असणार, म्हणजे तेव्हा उतार आजच्यापेक्षा तीव्र आणि अंतरं आणखी कमी असण्याची शक्यता. तरी मी दहा फुटांची वरची मर्यादा धरली. आठ ते दहा फूट, मिशा असलेला, बिनखवल्याचा. शिवडा नावाचा असा मासा आमच्याकडे असतो, आणि जुन्या पाण्यात तो माणसाहून मोठा होतो असं मासे धरणारे भोई सांगतात. नवीन पाणी उथळावर चढलं की तो खायला काठाशी येतो, हेही ते सांगतात. तो शिवडाच होता असं मी म्हणत नाही. पण मी ज्या कारणाने साक्ष खोटी ठरवली होती ते कारण उरलं नव्हतं. आणि ते कारण खोडणारी गोष्ट सात वर्षं माझ्याच आठव्या रकान्यात, त्यांच्याविरुद्धचा पुरावा म्हणून, लिहून ठेवलेली होती. कशाची वाटणी, हे मी विचारलं नव्हतं.

बायको टेप गुंडाळत म्हणाली, "बाबाले चालता-बोलता असताना हे सांगाले पाह्यजे होतं."

मी हो म्हणालो.

परत येताना मी आधी काकूंच्या दारात थांबलो आणि मोजलेलं सगळं सांगितलं. त्यांनी फडकं पिळून कळ्यांवर टाकलं आणि आत गेल्या. मग मी सासऱ्यांच्या खोलीत गेलो. ते उशांना टेकून बसले होते, श्वास वरवर चाललेला. मी त्यांच्या खाटेशी बसून आकडे सांगितले, माझी चूक कुठे झाली ते सांगितलं. वही उघडून एकोणिसाव्या नोंदीवर लाल रेघ मारली, जुनं वाचता येईल अशी, आणि खाली नवं लिहिलं. लांबी आठ ते दहा फूट. साक्ष ग्राह्य. ते त्या पानाकडे पाहत राहिले. त्यांना वाचता येतं की दिसतं तेवढंच, हे मी विचारलं नाही.

तेवढ्यात दारात पावलं वाजली. काकू उंबऱ्याबाहेर उभ्या होत्या, डोक्यावर पदर, तोंड भिंतीकडे. सासूबाई गेल्या त्या दिवसानंतर त्या या दारात आल्या नव्हत्या, असं बायकोने मला नंतर सांगितलं.

"जवाईबापू," त्या मला म्हणाल्या, "त्यायले इचारा, पट्टा केवढा होता ते तवाच काहून नाई सांगतलं."

सासऱ्यांना ऐकू आलं होतं. तरी रीतीप्रमाणे मी प्रश्न पुन्हा सांगितला.

"तिले सांगा," ते म्हणाले, "कोनी इचारलंच नाई. सारे इचारत, भांडन झालं का. मी म्हनो, झालं."

मी ते सांगितलं. काकूंनी पदर आणखी पुढे ओढला.

"त्यायले इचारा, आमच्या मालकायनं आवाज देला का."

हे मला पुन्हा सांगवेना. सासऱ्यांनी वाट पाहिली नाही.

"देला," ते म्हणाले. ते माझ्याकडे पाहत नव्हते, दाराकडे पाहत होते. "दादा म्हने. एकदाच. अन् मी मागं सरलो. मंग पानी निवळलं."

काकूंनी पदर तसाच ठेवला, पण भिंतीकडचं तोंड वळवलं.

"भेव वाटलं तुमाले," त्या म्हणाल्या.

"हो. लय."

खोलीत पंखा फिरत होता. बायको पायथ्याशी उभी होती, तिने खाटेची कड धरली होती. काकू तिथेच उंबऱ्यावर बसल्या. कुणी कुणाला माफ केलं असं काही बोललं गेलं नाही. थोड्या वेळाने काकूंनी माझ्या बायकोला विचारलं की यांना मुगाचं पाणी देता की नाही, आणि मीठ किती घालता. मग म्हणाल्या, कमी घाला.

उठताना त्यांनी माझ्या हातातल्या वहीकडे पाहिलं.

"यात माहं हाय का काही?"

मी म्हणालो, यात ज्यांनी जीव पाहिला त्यांचंच असतं.

"मी नाई पायला," त्या म्हणाल्या. "पन मीबी पंचेचाळीस वर्स त्याच्याच संग राहिली."

सासरे त्यानंतर अडतीस दिवस होते. त्यांतले सोळा दिवस बायको तिथे होती. त्या सोळांपैकी अकरा दिवस काकू आल्या, उंबऱ्यावर बसल्या आणि दिवेलागणीच्या आत गेल्या, असं तिचं म्हणणं. दोघं समोरासमोर बोलत की तिसऱ्यामार्फत, हे तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

चौसष्टावी नोंद मी त्या संध्याकाळीच, काकू जायच्या आत, त्यांच्यासमोर केली. पाहणारी: वय सत्तर, धंदा फुलांचा. वर एक जादा ओळ, काय पाहिलं: जीव नाही, पट्टा. लांबी कशावरून ठरवली: उंबऱ्यापासून टोपल्यापर्यंत, मोजून तीन फूट दोन इंच. त्याच दिवशी कुणाला सांगितलं का, या रकान्याशी आल्यावर मी त्यांना विचारलं.

"कोनाले सांगू?" त्या म्हणाल्या.

मी तिथे तेच लिहिलं, आणि शेवटच्या रकान्यात ग्राह्य.